बाबांनी देहदानाचा फॉर्म भरलाय, गाडी घेऊन गेल्यावर पुढे नक्की काय होतं?

धाकटी_रामबागवाली

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. आम्ही इंदूरचे, बाबा ८१ वर्षांचे, विमा ऑफिसातून रिटायर. गेल्या महिन्यात त्यांनी कुणाला काही न सांगता रिक्षा केली, एमजीएम मेडिकल कॉलेजला गेले, देहदानाचा फॉर्म आणला, शेजारच्या काकांची साक्षीदार म्हणून सही घेतली आणि दुसऱ्या सहीसाठी तो माझ्यासमोर ठेवला, मी भाजी निवडत होते तेव्हा. सोबत एक फाइल, वर लेबल "माझ्यानंतर". आत आधारच्या दहा झेरॉक्स, फोटो, बँकेचं नॉमिनेशन आणि कुणाकुणाला फोन करायचे त्याची यादी. यादीतले दोघं आधीच गेलेत तर त्यांच्या नावावर फूटपट्टी लावून काट मारलेली. बाबांचं सगळं असंच असतं, आम्हाला सवय आहे.

अडलंय ते आईचं. ती भांडली असती तर बरं झालं असतं, ती गप्पच झालीय. एकदाच बोलली, "बावन्न वर्षं संसार केला आणि शेवटी माझ्या हातात काय, पावती?" आमच्याकडे आजी-आजोबा दोघांच्या अस्थी बडवाहजवळ खेडीघाटला नर्मदेत सोडल्यात, आईच्या डोक्यात तेच पक्कं आहे की बाबांच्या पण तिथेच, आणि नंतर तिच्या पण. वरून बिल्डिंगमधल्या एका मावशींनी सांगून ठेवलंय की तिथे सांगाडा करून टांगतात आणि पोरं त्याच्याबरोबर सेल्फी काढतात. आता हे ऐकल्यावर कोण हो म्हणेल.

दादा पुण्याला आहे, तो म्हणतो तुम्ही दोघी काय ते ठरवा मी सही करतो. म्हणजे झालंच.

मला खरं काय ते हवंय. नेल्यावर बॉडीचं करतात काय? किती दिवस ठेवतात? शेवटी काही परत मिळतं का? बाबांना शुगर आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मांडीत रॉड आहे, तरी घेतील का? आणि ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी दहावं-बारावं कसं केलं? गोड गोड "महान दान" वाले मेसेज नकोत प्लीज, ते फॅमिली ग्रुपवर रोज येतातच.

---

स्काल्पेलवाले_काका

ताई, बावीस वर्षं ॲनाटॉमी शिकवली, आता रिटायर आहे. तुम्ही म्हणता ते कॉलेज माझं नव्हे, पण काम सगळीकडे साधारण एकाच पद्धतीने चालतं म्हणून लिहितो. आईंना वाचून दाखवण्यासारखं कोणतं आणि नाही कोणतं ते तुम्ही बघा, मी काही गाळत नाही.

सगळ्यात आधी हे की फॉर्म म्हणजे बाबांची इच्छा, करारनामा नव्हे. माणूस गेल्यावर निर्णय जवळच्या नातेवाइकांचा. आईंनी त्या वेळी नको म्हटलं तर कॉलेजवाले दारात येऊन ओढून नेत नाहीत. म्हणूनच सही तुमच्यापुढे ठेवलीय, बाबा हुशार आहेत.

माणूस घरी गेला तर आधी डॉक्टरकडून मृत्यूचं कारण लिहिलेलं सर्टिफिकेट, त्याशिवाय कुणी हात लावणार नाही. मग विभागाला फोन. जितक्या लवकर पोचवाल तितकं बरं, आपल्याकडच्या मे महिन्यात बर्फाशिवाय घरात ताटकळत ठेवू नका. आणि त्याच्याही आधी नेत्रपेढीला फोन करा, डोळे सहा तासांच्या आत घेतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी बुबुळ चांगलं असेल तर घेतात, आणि डोळे दिले तरी देह चालतो. तोपर्यंत पंखा बंद करा, पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवा. किडनी-लिव्हर हा वेगळा विषय, त्याला माणूस आयसीयूत ब्रेन डेड असावा लागतो, त्याचा कायदा पण वेगळा, १९९४ चा. लोक दोन्हीची खिचडी करतात.

शुगर चालते. रॉड पण चालतो, रॉडवाली मांडी तर मी मुद्दाम ऑर्थोच्या पोरांना बोलावून दाखवायचो. एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, चालू असलेला टीबी, अंगभर पसरलेलं इन्फेक्शन, गँगरीन, यात नाही म्हणतात. अपघात किंवा पोलिस केस असेल, पोस्टमॉर्टेम झालेलं असेल, तरी नाही.

आता आत गेल्यावर. कपडे काढून देह धुतात, नंबरचा बिल्ला लागतो, नाव रजिस्टरमध्ये राहतं. मग मांडीच्या नाहीतर मानेच्या धमनीला छोटा छेद देऊन नळी घालतात आणि वर टांगलेल्या बाटलीतून किंवा पंपाने औषध सोडतात. फॉर्मलिन, स्पिरिट, ग्लिसरीन, फिनॉल, पाणी असं मिश्रण, माणसाच्या अंगाप्रमाणे आठ-दहा लिटर आत जातं. हळूहळू जावं लागतं, घाई केली तर चेहरा सुजतो. फॉर्मलिन करतं काय, तर अंगातलं प्रथिन जागच्या जागी घट्ट करून टाकतं, अंडं उकडल्यावर पांढरं घट्ट होतं ना, तसं समजा. त्यामुळे कुजणं थांबतं. मग टाकीत नाहीतर कोल्ड स्टोरेजमध्ये. काही महिने लागतात मुरायला, देह कडक होतो, रंग जाऊन मातकट तपकिरी होतो आणि खरं सांगायचं तर घरच्या माणसाने पाहिलं तरी पटकन ओळख पटणार नाही. हे मी वाईट म्हणून सांगत नाही, आईंच्या डोळ्यापुढे जे चित्र असेल, म्हणजे बाबा झोपल्यासारखे पडलेत आणि पोरं चाकू घेऊन उभी आहेत, तसं ते नसतं एवढ्यासाठी सांगतो.

मग पहिल्या वर्षाची मुलं. एका टेबलाभोवती दहा-पंधरा. एका दिवसात कुणी काही कापत नाही हो, जवळजवळ वर्ष लागतं. एकेक शीर, एकेक स्नायू बोटांनी आणि चिमट्याने मोकळा करायचा, एका तळहाताला आठवडा जातो. साधारण हातापासून सुरुवात, मग पाय, छाती, पोट, डोकं-मान शेवटी, मेंदू वेगळा बरणीत. काही ठिकाणी देह फॉर्मलिनमध्ये न घालता उणे वीस डिग्रीवर गोठवतात आणि त्यावर मोठे डॉक्टर शिकतात, नवीन गुडघा बसवणं, कानाच्या मागचं हाड ड्रिलने कोरणं. तिथे ड्रिल अर्धा मिलिमीटर चुकला तर चेहऱ्याची नस जाते, तो हात जिवंत पेशंटवर बसवायचा का?

शेवटी जे उरतं ते. चांगली हाडं साफ करून शिकवायला ठेवतात. बाकीच्या अवशेषांचं दहन किंवा खोल दफन, नियमाप्रमाणे. अस्थी म्हणून घरी परत द्यायची पद्धत साधारणपणे नाही, आईंना हे आत्ताच स्पष्ट सांगा, नंतर कळलं तर जास्त लागेल. सांगाड्याचं म्हणाल तर भिंतीला टांगलेले निम्मे आता प्लास्टिकचे असतात. आणि सेल्फी. मुलांना पहिल्या आठवड्यात देहासमोर उभं करून शपथ देतात, फोन आत नेता येत नाही. तरी माझ्या काळात एकाने काढला होता. मी त्याला आठ दिवस हॉलबाहेर व्हरांड्यात उभा केला, येणारे-जाणारे विचारायचे का रे उभा, आणि त्याला सांगावं लागायचं.

---

छप्पनचा_पोहेवाला

काकांचं सगळं वाचलं, जेवायला बसलो होतो ते ताट सरकवलं 😐 पण चांगलं लिहिलंय. आईंना अंड्याचा भाग वाचू नका.

---

लश्करवाली

ताई मी ग्वाल्हेरहून. आमच्याकडे दोनदा झालंय, एकदा फसलं आणि एकदा जमलं, दोन्ही सांगते.

सासूबाईंनी फॉर्म भरून पाच वर्षं झाली होती, कार्ड त्यांच्या देवघरात गणपतीच्या मागे ठेवलेलं असायचं. त्या गेल्या नेमक्या पाडव्याच्या पहाटे. कॉलेजला फोन लावला तर उचलेना, लँडलाइन वाजतोय वाजतोय. नवरा स्कूटर घेऊन तिकडे गेला, तर वॉचमन म्हणाला सुट्टी आहे, परवा या. परवा! घरात पाहुणे फराळाला आलेले, ते तसेच बसलेले, चकल्या झाकून ठेवल्या, बर्फाच्या लाद्या मागवल्या, त्याचं पाणी हॉलभर, मी आणि जाऊबाई पिळून पिळून फडकी वाळत घालतोय. दुपारी तीनला कुणाच्या तरी ओळखीने एक साहेब आले, त्यांनी पाठ बघितली आणि सरळ नाही म्हणाले. सासूबाई चार महिने अंथरुणावर होत्या, पाठीला जखमा झाल्या होत्या, त्यात इन्फेक्शन. चूक त्यांची नाही पण हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. मग धावपळ करून संध्याकाळी मुक्तिधाम. तिथे एक मामा ऐकवून गेलेच, "देवाला पण नको आणि डॉक्टरला पण नको." ते वाक्य माझ्या नवऱ्याच्या डोक्यातून अजून जात नाही.

म्हणून माझं सांगणं असं की दोन्ही तयारी ठेवा. कॉलेजच्या लँडलाइनवर विसंबू नका, विभागातल्या माणसाचा मोबाइल घ्या, दिवाळीत कोण असतं ते विचारा, आणि दुसऱ्या एका कॉलेजचा नंबर पण. इंदुरात तर खासगी पण आहेत. आणि नाही म्हटलं तर मुक्तिधामला न्यायचं, हे पण घरात बोलून ठेवा, म्हणजे त्या वेळी हरल्यासारखं वाटत नाही.

सासरे तीन वर्षांनी गेले, तेव्हा दोन तासांत गाडी आली. आणि खरं सांगू का, ते जास्त अवघड गेलं. मुक्तिधामला कसं, लाकडं, अग्नी, फेरे, मडकं, एकामागून एक करायला असतं, डोकं चालतच नाही. इथे गाडीचं दार लागलं, ड्रायव्हर म्हणाला "चलूं?" आणि झालं. आम्ही सगळे फाटकात उभे, कुणालाच कळेना आता घरात जायचं की काय करायचं. नवऱ्याने चपला पण घातल्या नव्हत्या. दहा मिनिटं तरी उभे असू, शेवटी समोरच्या दुकानवाल्याने चहा पाठवला.

विधींचं म्हणाल तर आमच्या गुरुजींना विचारलं, त्यांनी अजिबात आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाले जो परदेशात गेला, नदीत वाहून गेला, ज्याचा देहच सापडला नाही त्याच्यासाठी शास्त्रात सोय आहे, पालाशविधी म्हणतात, पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणसाचा आकार करून त्याचं दहन करतात आणि पुढचं सगळं नेहमीसारखं. आम्ही तो केला. दुसऱ्या एका घरी गुरुजी म्हणाले दहन नको, नुसतं पिंडदान करा. उठावना, म्हणजे शोकसभा, मात्र तिसऱ्या दिवशी केलाच, इकडच्या लोकांना त्याशिवाय चैन पडत नाही. म्हणजे बसतं सगळं, पण गुरुजी आधी शोधा, त्या दिवशी नको.

हो, आणि कॉलेजकडून देह मिळाल्याची पावती मिळते ती जपा, मुक्तिधामची चिठ्ठी नसते ना, मग निगमात मृत्यूचा दाखला काढताना तीच दाखवावी लागते. आईंना सांगा पावतीची पण गरज पडते 🙂

---

माळव्याचा_वाघ

मला एक कळत नाही, एवढा विश्वास कशावर ठेवताय? बॉड्या विकतात हे जगजाहीर आहे. अमेरिकेत हार्वर्डच्या शवागाराच्या मॅनेजरवर २०२३ मध्ये केस झाली, दान केलेल्या देहांचे भाग चोरून विकत होता. हार्वर्ड हो! तिथे असं तर इथे काय. आणि आपल्याच देशातून सांगाडे एक्सपोर्ट व्हायचे, ते विसरलात?

---

स्काल्पेलवाले_काका

वाघसाहेब, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कोलकात्यातून जगभर सांगाडे जायचे, सरकारने १९८५ मध्ये बंदी घातली, त्याआधी लंडन-न्यूयॉर्कच्या पोरांच्या खोक्यातली हाडं बहुतेक आपलीच. हाडं कुणाची, तर गरिबाची, बेवारसाची, ज्याला विचारायला कुणी नव्हतं त्याची. या धंद्याचा इतिहासच तसा आहे. १८२८ मध्ये एडिंबरात बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा माणसं मारून एका ॲनाटॉमीच्या डॉक्टरला विकली. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला, बर्कला फाशी झाली आणि शिक्षा म्हणून त्याचंच डिसेक्शन केलं, त्याचा सांगाडा अजून तिथल्या युनिव्हर्सिटीत उभा आहे. त्यानंतर १८३२ मध्ये इंग्लंडने कायदा केला, पण काय केला, तर वर्कहाउसात मेलेल्या बेवारस गरिबांचे देह कॉलेजला द्यायचे. आपल्याकडचे कायदे त्याच वळणाचे. मी शिकायला लागलो तेव्हा टेबलावर नव्वद टक्के असे पोलिसांनी आणलेलेच असायचे, रेल्वे स्टेशनवर गेलेले, फुटपाथवर गेलेले. त्यांना कुणी फॉर्म दिला होता का? मला बाबांच्या फाइलचं कौतुक यासाठी वाटतं की निदान ते स्वतः रिक्षा करून गेले.

आणि धाकट्या ताई, आईंना धर्माचं वाटत असेल तर सुश्रुताचं सांगा. त्याने लिहून ठेवलंय की देह मुंज गवतात गुंडाळायचा, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात बांधून ठेवायचा आणि सात रात्रींनी काढून वाळ्याच्या नाहीतर बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर बघायचा. फॉर्मलिन नव्हतं एवढंच. मधे हे सगळं बंद पडलं, मग १८३६ मध्ये कोलकात्याला पंडित मधुसूदन गुप्तांनी पुन्हा हातात सुरी घेतली, ते मूळचे वैद्यच. आणि आपल्यातलंच नाव हवं असेल तर नानाजी देशमुख, परभणीकडचे, २०१० मध्ये चित्रकूटला गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देह दिल्लीला एम्समध्ये दिला.

---

दांडियाबाजार_बडोदा

मी वडोदऱ्याहून, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे, मेडिकलचा काही संबंध नाही, पण एक ॲड करतो. डॉक्टर शिकवणं हा एकच उपयोग नाही. आपण सीटबेल्ट लावतो, एअरबॅग असते, ती किती जोरात फुगली तर छातीची बरगडी मोडेल हा आकडा आला कुठून? डेट्रॉइटला वेन स्टेट युनिव्हर्सिटी आहे, तिथे १९४० च्या आसपासपासून दान केलेल्या देहांवर हे मोजत आलेत, कवटीला किती धक्का सहन होतो, गुडघा डॅशबोर्डवर किती जोरात आपटला की फुटतो. क्रॅश टेस्टचा जो पुतळा असतो त्याच्या छातीची स्प्रिंग त्या आकड्यांवरून बसवलेली असते. आम्ही ट्रेनिंगला हे शिकलो तेव्हा सगळा वर्ग एकदम शांत.

तसंच टेनेसीला १९८१ पासून एक जागा आहे, लोक बॉडी फार्म म्हणतात, दान केलेले देह उघड्यावर, झाडाखाली, मातीखाली ठेवतात आणि कुजायला किती दिवस लागले, कुठला किडा केव्हा आला हे टिपतात. पोलिसांना मृत्यूची वेळ काढायला ते लागतं. आणि टेक्ससमध्ये १९९३ मध्ये विषारी इंजेक्शनने मृत्युदंड दिलेल्या एका माणसाने देह दिला होता, तो गोठवून एकेक मिलिमीटरचे १,८७१ काप काढून प्रत्येकाचा फोटो घेतला, मेडिकलची थ्रीडी सॉफ्टवेअरं त्यावर उभी राहिली. बाबांचं यातलं काही होणार नाही, ते आपल्या इंदूरच्या पोरांच्या हाती जाणार, घाबरू नका. मला फक्त सीटबेल्टचं सांगायचं होतं, वाहवलो.

---

फर्स्ट_इयर_डीहॉल

ताई मी आत्ता एमबीबीएसला आहे, कॉलेजचं नाव लिहीत नाही, माळव्यातलंच. काकांनी शिकवणाऱ्यांची बाजू सांगितली, मी टेबलाच्या या बाजूची सांगते.

पहिल्या दिवशी आमच्यातली दोघं चक्कर येऊन पडली, मी नाही पडले पण डोळ्यातून सारखं पाणी, ते रडू नव्हतं, फॉर्मलिन. ते नाकात, केसात, डब्यातल्या पोळीत पण बसतं. आणि विचित्र म्हणजे भूक खूप लागते, सगळ्यांना लागते, सगळे लाजतात सांगायला.

आमच्या टेबलावर एक आजी आहेत. नाव आम्हाला सांगत नाहीत, नंबर असतो. पण त्यांच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, गोंदलेलं आहे. कातडी पूर्ण तपकिरी झालीय तरी हिरवट रेघा दिसतात, एक फूल, दोन ठिपके आणि देवनागरीत एक नाव, पुरुषाचं. वेडंवाकडं, जत्रेत काढतात तसं. पुढचा हात उघडायचा तर कातडी तिथूनच सोडवावी लागते. सरांनी आम्हाला छेद जरा बाजूने घ्यायला लावला, पुस्तकात आहे तिथून नाही. मग ते कातडं पानासारखं उलटं वळवून ठेवायचं, खालचं काम करायचं, आणि तास संपला की ओल्या फडक्याने पुसून परत जागेवर झाकायचं, नाहीतर वाळतं. हे रोज. बाकी सगळीकडची कातडी केव्हाच निघाली पण ती तेवढी अजून हाताला आहे. कुणी ठरवून बोललं नाही कधी, पण टेबलाची साफसफाई ज्याची पाळी असेल तो ती शेवटी झाकतो.

खोटं नाही सांगणार, जोक पण होतात. घाबरल्यावर माणूस हसतोच. आजींवर नाही करत कुणी, एकमेकांवर करतो.

तैवानमध्ये त्झू ची नावाचं कॉलेज आहे, तिथे मुलांना देह कुणाचा ते सांगतात, मुलं आधी त्या घरी जाऊन येतात, ते कसे होते विचारतात, आणि शेवटी सगळं परत शिवून अंत्यविधीला मुलंच खांदा देतात. आपल्याकडे असं असतं तर मी त्या नावाच्या माणसाबद्दल विचारलं असतं.

---

माळव्याचा_वाघ

ओके. माझा "विश्वास कशावर ठेवताय" वाला मुद्दा मागे. एक्सपोर्टचा नाही. आणि हे पण सांगून टाकतो, २०२५ पासून आपल्या एमपीत देहदान-अवयवदान करणाऱ्याला गार्ड ऑफ ऑनर द्यायचं सरकारने ठरवलंय, पोलिस येऊन सलामी देतात. आईंना त्याने बरं वाटत असेल तर कलेक्टर ऑफिसचा नंबर पण फाइलमध्ये लावा.

---

धाकटी_रामबागवाली

सगळ्यांचे खूप आभार, दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण घरात हेच चालू होतं.

मी आईला वाचून दाखवलं. अंडं गाळलं, बॉडी फार्म गाळलं, बाकी सगळं वाचलं. सुश्रुताचं ऐकून म्हणाली "असेल". नानाजींचं ऐकून म्हणाली "ते ब्रह्मचारी होते, त्यांच्या मागे कोण होतं विचारायला". गार्ड ऑफ ऑनर ऐकून बाबा आतल्या खोलीतून ओरडले की मला पोलिस नकोत. लश्करवाली ताईंचं फाटकातलं वाचताना मीच थांबले, तर आईने मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि पुढचं स्वतः वाचलं, चष्मा नव्हता तर लांब धरून. गोंदणाचं दोनदा वाचलं. मग काही न बोलता कुकर लावायला गेली.

रात्री जेवताना म्हणाली, "त्यांचं जानवं पण कापतील का रे ते?" बाबा म्हणाले त्याला काय विचारायचं, दोरा आहे. आई म्हणाली दोरा असेल तुम्हाला. खेडीघाटला काहीतरी न्यावं लागेलच ना मला, रिकाम्या हाताने नाही जाणार मी. बाबा एकदम गप्प. मग म्हणाले बरं, आणि उठून हात धुतले, फाइल आणली आणि यादीत सगळ्यात खाली लिहिलं, १४ नंबर, "जानवे: काढून घेणे".

सही मी केलीय. आईने नाही केली अजून, पण फॉर्म देवघरात ठेवलाय. काका, हे जानव्याचं जमतं का खरंच? आणि केव्हा सांगायचं?

---

स्काल्पेलवाले_काका

जमतं. धुवायच्या आधी अंगावरचं सगळं काढतात, पण तिथे काढलेलं हरवायची भीती, म्हणून घरीच काढून घ्या, गाडी यायच्या आधी, आईंच्या हातून. कापू नका, डोक्यावरून निघतं. अंगठी, ताईत, कवळी पण तेव्हाच. आणि यादीत नेत्रपेढीचा फोन जानव्याच्या वर लिहायला सांगा, सहा तास पटकन जातात.

---

लश्करवाली

आणि फाटकात उभं राहायची वेळ येईल तेव्हा कुणाला तरी आधीच सांगून ठेवा चहाचं.